नगरची देगची आणि हसलेले अनारसे

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी सकाळी सुमन गेली. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर आले. दुपारी मुलगी नाशिकहून आली. संध्याकाळी आम्ही प्रवरेवरून घरी आलो.

दिवस झाल्यावर मुलगी तिच्या घरी गेली. मग घरात मी राहिलो आणि स्वयंपाकघर राहिलं. आमची दोघांची ओळख वरवरची होती. हळूहळू चहाच्या पुढं भात आणि पिठलं एवढं जमू लागलं. त्यातलं पिठलं कधी पिठलं व्हायचं, कधी त्याच्या वड्या पडायच्या. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी मी फडताळ आवरायला काढलं आणि खालच्या फळीवर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसल्या. एक तांब्याची देगची, आतून कल्हई केलेली, झाकणासकट. दुसरी चिनी मातीची बरणी, आणि बरणीत अनारशाचं पीठ.

देगची आमची नव्हती. ती नगरच्या बन्नीची होती. सुमनचं माहेर नगरचं, झेंडीगेटाच्या बाजूचं, आणि बन्नी ही मागच्या मुसलमान मोहल्ल्यातली तिची लहानपणापासूनची मैत्रीण. सुमनचं लग्न झालं त्या वर्षी बन्नीनं या देगचीतून काहीतरी गोड दिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. सुमननं ती अनारशांनी भरून परत नेली. अडचण अशी झाली की हाच रिवाज बन्नीच्या घरीही होता. पुढच्या खेपेला तिनं ती चोंगे भरून सुमनच्या हाती दिली. चोंगे म्हणजे गुळाच्या, खसखस लावलेल्या गोड पोळ्या. तेव्हापासून देगची एक वर्ष संगमनेरला आणि एक वर्ष नगरला राहू लागली. दोघींपैकी कुणालाच ती कायमची परत करता आली नाही. पुढे सुमनचे आईवडील गेले, भाऊ बदली होऊन पुण्याला गेला, नगरला तिचं कुणी राहिलं नाही. तरी ती वर्षातून एकदा सकाळच्या एस.टी.नं जायची आणि संध्याकाळी परत यायची. का जातेस असं विचारलं तर म्हणायची, देगची आहे ना.

या वर्षी देगची आमच्याकडे होती. यंदा दिवाळी आणि रमजानची ईद एकाच आठवड्यात येत होती, म्हणून दोन्हींचं मिळून एकदाच जाऊन येते, असं म्हणत तिनं दसऱ्याच्या आधीच पीठ करून ठेवलं होतं. बन्नीला काहीच ठाऊक नव्हतं. कळवणार कुठं? पत्ता सुमनच्या पायांना माहीत होता, कागदावर कुठंच नव्हता. पुण्याला मेहुण्यांना विचारलं, तर त्यांनी कळवलं की घर नीट आठवत नाही, पण तिकडे जाऊन बन्नी म्हटलं की कुणीही सांगेल.

मी संगमनेरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतो. नेलेली वस्तू परत आली पाहिजे, या एका तत्त्वावर माझी सगळी नोकरी झाली. तेव्हा जाणं भागच होतं. देगची परत करायची, आणि बन्नीला सांगायचं. यातलं पहिलं काम जमण्यासारखं होतं.

आधी अनारसे. ज्यांनी ते फक्त खाल्लेले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून केलेलं हे पीठ महिनोन्महिने टिकतं. माझ्या वाट्याला आलं तेव्हा ते दगड झालं होतं. मी दूध घालून ते सैल केलं, आणि माणूस जसा पुस्तक वाचून पोहायला उतरतो तसा कढईसमोर बसलो. अनारसा तुपात सोडल्यावर फुटून पसरला, तर बायका म्हणतात, हसला. माझा पहिला हसला. दुसरा हसला. मग जो सोडावा तो हसायला लागला. तळणाचा वास गल्लीत गेला आणि शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्षाच्या आत कढई चढवलीत, एवढंच त्या म्हणाल्या. कढईत डोकावल्यावर मात्र पुढं काही न बोलता परत गेल्या. एवढं वाईट तळण म्हणजे तळणच नव्हे, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं. ते अनारशांनी एका दुपारी भरून काढलं. त्यांचे तुकडे मी देगचीत रचून भरले, अखंड दिसतील असे दोन वर ठेवले आणि झाकणावर फडकं बांधलं.

माळीवाडा

नगरला उतरल्यावर सरळ झेंडीगेटाकडे जायला हवं होतं. मी दमडी मशीद बघायला गेलो.

याला कारण आहे. प्रवासाआधी मी निजामशाहीवरचं एक जाडजूड पुस्तक वाचनालयातून माझ्याच नावावर काढून घेतलं होतं, आणि ते खांद्यावरच्या पिशवीत होतं. गावात आलोच आहोत तर पाहून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बन्नीसमोर उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. मशिदीसमोर काही बोलावं लागत नाही. दमडी मशीद किल्ल्याच्या अंगाला आहे. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी एक एक दमडी काढून ती बांधली असं सांगतात. एवढीशी इमारत, पण दगडावरची नक्षी अशी की लाकूड वाटावं. माझ्या आधीच तिथं एक म्हातारे गृहस्थ सावलीला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, देगचीकडे पाहिलं, मान लववली आणि सरकून जागा दिली. नगरची माणसं फार अदबीची, असं मी मनात टिपून ठेवलं.

एस.टी.नं येताना वाटेत सीना नदी लागली होती. यंदाच्या दुष्काळात तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि पोरांनी पात्रात विटीदांडू मांडला होता.

रात्री माळीवाड्यात एका लॉजवर उतरलो. खोलीत देगची खुर्चीवर ठेवली आणि तोंड धुऊन येईतो मुंग्यांची रांग लागली. मॅनेजरकडून परात मागून घेतली, तीत पाणी भरून देगची मधोमध ठेवली. ते पाहून मॅनेजर म्हणाला, पूजा करायची असेल तर उदबत्ती खाली मिळेल.

झेंडीगेट

सकाळी कापडबाजारात पोचेतो उजव्या चपलेचा अंगठा तुटला. दुकानं नुकती उघडत होती, चांभार कुठं दिसेना. चपला पिशवीत इतिहासाशेजारी ठेवल्या आणि अनवाणी पुढं निघालो.

आता माझा अवतार वाचकांनी समजून घ्यावा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुमन गेल्यापासून दाढी करायचं राहून जात होतं. ती आता छातीकडे निघाली होती. गळ्यात सुमननं विणलेला मफलर होता, हिरवागार. हिरवा रंग मला आवडत नाही हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो माझ्याकडे दहा वर्षं तसाच पडून होता. याच हिवाळ्यात वापरायला काढला. खांद्याला झोळीसारखी पिशवी, पायात काही नाही, आणि दोन्ही हातांत धरलेली तांब्याची देगची.

झेंडीगेटाच्या पलीकडे गल्ल्या अरुंद होत गेल्या. आमच्या संगमनेरात घराच्या दारात रांगोळी असते आणि दार सताड उघडं. इथं दारात पडदा. कुठं छिटाचा, कुठं गोणपाटाचा. पडद्याआडून भांड्यांचे, शिवणयंत्राचे, आणि माझ्याबद्दल बोलल्याचे आवाज येत. कोठला नावाच्या भागाकडून ताशा वाजत होता. मोहरमचा चंद्र दिसून चार-पाच दिवस झाले होते आणि सवाऱ्यांच्या मिरवणुकीची तयारी चालली होती. हे मला त्या वेळी फक्त कानांनी कळत होतं. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या दाराशी मी घसा साफ केला आणि विचारलं, "बन्नी इथं राहतात का?" परक्या मोहल्ल्यात परक्या बाईचं घरातलं नाव घेऊन विचारायचं, तेही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. माझा आवाज इतका खाली गेला होता की तो पडद्याच्या आत पोचलाच नसावा. पडद्यातून एक हात आला. हातात पिठाची वाटी. मला काही कळायच्या आत वाटी पिशवीत उलटी झाली आणि निजामशाहीच्या इतिहासावर ज्वारीचं पीठ पडलं.

नगरची माणसं अदबीचीच नव्हेत तर उदारही, असं मी टिपून ठेवलं. दुसऱ्या दारी बाजरी आली. तिसऱ्या दारी एका बाईनं पीठ घातलं, पण हात आत घेतला नाही. ती उभी होती आणि मीही उभा होतो. ती कशाची तरी वाट पाहत होती. काहीतरी बोलायला हवं एवढं मला कळलं. वाचनालयाच्या काउंटरवर समोरच्यानं हात पुढं केला की मी जे बोलत आलो तेच तोंडून गेलं.

"जपून न्या."

"आमीन," पडदा म्हणाला, आणि हात आत गेला.

कासमभाईंचं हॉटेल

गल्लीच्या कोपऱ्यावर एक हॉटेल होतं. चार बाकं, मातीची भट्टी, आणि गल्ल्यावर कासमभाई नावाचे जाडे गृहस्थ. बाहेरच्या बाकावर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर काळी टोपी घालून बसले होते. त्यांना सगळे दादामियाँ म्हणत होते. मी बसलो तर माझ्यासाठी अख्खं बाक रिकामं झालं. चहा न सांगता आला. कासमभाईंनी हात जोडून विचारलं, "बाबा, मन्नत कायकी है?"

मी म्हणालो, मन्नत नाही, मी संगमनेरहून आलो आहे. यावर बाकावरच्या मंडळींनी कौतुकानं माना हलवल्या. संगमनेरहून अनवाणी.

मग उलगडा झाला. मोहरमच्या दिवसांत नवस बोललेली माणसं इकडे फकिरी घेतात. हिंदूही घेतात. हिरवं काहीतरी गळ्यात घालायचं, पायांत काही घालायचं नाही, घरोघरी जाऊन मागायचं आणि देणाऱ्याला दुवा द्यायची. संगमनेरातही कुणी घेत असतील, पण माझं लक्ष कधी पुस्तकातून वर गेलं नव्हतं. दादामियाँनी माझ्या दाढीपासून पायांपर्यंत एकेक गोष्ट दाखवत मला माझी फकिरी समजावून दिली. त्यात त्यांना एकच खोट काढता आली. "फकीर हाय आणि भांड्याला झाकण लावून फिरता? असा कुठं फकीर असतो का?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे देगची आणि बन्नी एवढं. दुसरी गोष्ट बन्नीच्या आधी हॉटेलात सांगणं बरं दिसलं नसतं. सांगून झाल्यावर कासमभाई इतके हसले की त्यांना गल्ला धरून बसावं लागलं. पिठाचं काय करू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पीठ ठेवा आता. दिलेलं पीठ परत घेतलं तर बाईला वाईट वाटंल. दुवा दिली ना तुमी?"

मी दिलेली दुवा सांगितली. त्यावर हॉटेलातल्या चार बाकांचा पुन्हा काही वेळ गेला.

मग देगचीची तपासणी सुरू झाली. बुडाजवळ उर्दूत नाव घातलेलं होतं. ते मी आयुष्यभर नक्षी समजत आलो होतो. दादामियाँनी चष्मा पुसला, देगची उन्हात धरली, तिरकी केली, आणि विचारलं, "याचे नुक्ते कुठं गेले?"

उर्दूत म्हणे बऱ्याच अक्षरांचा आकार एकच असतो. वर एक टिंब दिलं की एक अक्षर, खाली दिलं की दुसरं, दोन दिली की तिसरं. या टिंबांना नुक्ते म्हणतात. देगचीवर अक्षरांचे दांडे शिल्लक होते, नुक्ते एकही नव्हते. याचं कारण मला लगेच कळलं. सुमन भांडी चिंच आणि राख लावून घासायची. तांब्याच्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट. तीस वर्षांत तिनं बन्नीच्या नावावरची सगळी टिंबं घासून टाकली होती.

दादामियाँनी निकाल दिला की हे नबी आहे. नबी शिंपी मागच्या गल्लीत राहतो, देगची त्याच्या घरची. कासमभाई म्हणाले, पहिला नुक्ता खाली धरला तर बन्नी होतं. तिसरा एक जण म्हणाला, पानी असेल, पाण्याचं भांडं आहे. त्यात अलिफचा उभा दांडा कुठं आहे, असं दादामियाँनी विचारल्यावर तो म्हणाला, अलिफही घासला गेला असेल, वहिनींचा हात जड दिसतो. यावर मला सुमनची बाजू घ्यावीशी वाटली, पण पुरावा माझ्याच मांडीवर होता.

वाद कासमभाईंनी मिटवला. ते हळू आवाजात म्हणाले, "दादामियाँ, नबीचं, पैगंबरसाहेबांचं नाव कुणी खरकट्या भांड्यावर घालील का? राख लावून घासायचं भांडं हाय हे."

दादामियाँनी चष्मा काढला. तो पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, बन्नीच. वर अशीही पुस्ती जोडली की आपल्याला ते पहिल्यापासूनच तसं वाटत होतं.

आता प्रश्न कोणत्या बन्नीचा. मोहल्ल्यात त्या वेळी तीन निघाल्या. एक पाळण्यात होती, ती सोडून दिली. राहिल्या दोन. कुणीतरी बरोबर येईल असं मला वाटत होतं, पण कासमभाईंनी वेगळाच सल्ला दिला. पुरुषमाणसं कामावर गेलेली असतात. परका पुरुष दाराशी आला तर बाई पडद्याआडून दोन शब्द बोलून वाटेला लावील. फकिराला मात्र कुणी परत पाठवत नाही. "तवा असेच जा," ते म्हणाले. "चांगले दिसता."

गोणपाटाचा पडदा

मुद्दाम फकीर होणं हे नकळत फकीर होण्यापेक्षा फार अवघड असतं. नकळत होतो तेव्हा मी ताठ चालत होतो. आता पाय अडखळू लागले.

दुसऱ्या बन्नी फार म्हाताऱ्या होत्या आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. मी सुमनचं नाव मोठ्यानं घेतलं. त्यांनी पीठ घातलं. मी आणखी मोठ्यानं घेतलं. त्यांनी आणखी घातलं. हे मिलोचं, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीचं पीठ होतं आणि त्या घरात ते फार असेल असं वाटत नव्हतं, म्हणून मी ओरडायचं थांबवलं. जपून न्या म्हणालो, आणि निघालो.

तिसरं घर मशिदीच्या मागच्या बोळात होतं. दारात गोणपाटाचा पडदा, त्याला खाली लाल कापडाची किनार शिवलेली. मी उभा राहिलो. बोलायचं वाक्य अजून ठरलेलं नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच पडद्यातून हात आला, पिठाची वाटी घेतलेला, मनगटात हिरव्या बांगड्या. हात पिशवीकडे वळला आणि मधेच थांबला. वाटी खाली गेली. तोच हात पुन्हा आला आणि त्यानं देगचीचा काठ घट्ट धरला.

"फकीरबाबा," आतून आवाज आला, "ही देगची कुठून उचलली?"

मी देगची सोडली नाही. तिनंही सोडली नाही. देगची काही वेळ पडद्याच्या अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी राहिली. दुसऱ्या कुणाला हे भांडं द्यायला मी आलो नव्हतो, आणि फकिराला ते ठेवून घेऊ द्यायला ती तयार नव्हती. शेवटी मी म्हणालो, "मी संगमनेरहून आलो. सुमनच्या घरून."

पडदा बाजूला झाला. सुमनच्याच वयाची, ठेंगणी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. तिनं माझी दाढी पाहिली, पाय पाहिले, आणि मग मफलरशी तिची नजर थांबली.

"दुल्हेभाई?"

बहिणीच्या नवऱ्याला तिकडे दुल्हेभाई म्हणतात. पिठानं माखलेल्या, अनवाणी, पांढऱ्या दाढीच्या माणसाला कुणी नवरदेव म्हणाल्याचं ऐकून समोरच्या पडद्यामागं कुणीतरी खुदकन हसलं.

"हा मफलर म्या वळखला," बन्नी म्हणाली. "हिथं बसून अर्धा इणला तिनं. हिरवी लोकर म्याच निवडली. त्यास्नी आवडंल का म्हणली, म्या म्हणलं आवडंल. आवडला न्हवं?"

मी म्हणालो, आवडला.

तिनं मला ओट्यावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. ती सारखी बोळाच्या तोंडाकडे बघत होती. "आन ती कुठं हाय? बांगडीवाल्यापाशी उभी ऱ्हायली व्हय? दर येळी तसंच करती. घ्यायची न्हाई एक, बघायच्या धा डझन."

ठरवलेलं वाक्य असतं तर ते इथं बोलायचं होतं. माझ्याकडे ते नव्हतं. मी देगची तिच्यापुढं सरकवली. तिनं हसत हसत फडक्याची गाठ सोडली आणि झाकण काढलं.

वरचे दोन अखंड अनारसे प्रवासात निखळले होते. आत नुसते तुकडे होते, खसखस कुठं, अनारसा कुठं. ती बघत राहिली. बोट घालून तिनं एक तुकडा वर काढला, परत ठेवला.

"हसले," ती म्हणाली.

हा शब्द तिला सुमननं शिकवला असणार. मग तिनं तोच तुकडा उचलला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. तिचं बोळाकडे बघणं थांबलं.

"पीठ तिचं हाय," ती म्हणाली. "तळण तिचं न्हाई."

मी मान हलवली.

"कवा?"

"दसऱ्यानंतर. गुरुवारी."

तिनं झाकण देगचीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. कोठल्याचा ताशा चालूच होता. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं मोहरम हाय, दुखवट्याचा म्हैना. रडलं तरी कुणी इचारत न्हाई."

मीही मफलरच्या टोकानं डोळे पुसले. मी त्या दिवसापर्यंत कुणासमोर रडलो नव्हतो. समोरच्या पडद्यामागून आता हसण्याचा आवाज येत नव्हता.

मग तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि ती ओढून घेतली. आतून चपला निघाल्या, पांढरं झालेलं पुस्तक निघालं आणि खाली पीठ. ज्वारी, बाजरी, मिलो, सगळं एकात एक. आता पाखडून वेगळं होणार नाही, असं म्हणत तिनं तेच परातीत घेऊन मळलं आणि भाकऱ्या थापल्या. रंग सांगता येणार नाही असा होता. बरोबर लसणाची चटणी आणि वांग्याची भाजी. भाजीसाठी तिनं फळीवरून एक निराळी कढई काढली. ही सुमनची, ती म्हणाली, तिच्यात आम्ही दुसरं काही केलं नाही. फकिराच्या पिठाची भाकरी एकट्यानं खायची नसते, म्हणून तीही खायला बसली. सुमन गेल्यापासून मी पोटभर जेवलो तो त्या दुपारी. जेवताना ती मला अनारसे शिकवत होती. दूध घालायचंच नव्हतं, पिकलं केळं लागतं, तेही नखाएवढं. खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, तूप झाऱ्यानं वर उडवायचं. हे सुमननं तिला सांगितलेलं, माझ्या स्वयंपाकघरातलं, मी नगरला येऊन शिकत होतो.

मी निघतो म्हटल्यावर तिनं थांबायला सांगितलं. मोहरमचे चोंगे तिनं सकाळीच केलेले होते. अनारसे तिनं ताटात काढले, एक तुकडाही वाया जाऊ दिला नाही, देगची पुसली आणि ती चोंग्यांनी काठोकाठ भरून माझ्यापुढं ठेवली.

मी म्हणालो, असं नसतं. देगची आता वर्षभर नगरला राहायची. पुढच्या वर्षी न्यायची. हा तुमच्या दोघींचा क्रम आहे, तो मोडू नका.

बन्नी म्हणाली, "पुढच्या साली न्यायला तुमी येणार न्हाई, दुल्हेभाई. म्या वळखते तुमास्नी, सुमननं समदं सांगितलंय. पर दुसऱ्याची वस्तू घरात हाय म्हणलं की तुमास्नी झोप लागत न्हाई. परत करायला तुमी येणार."

मी चोंग्यांवर झाकण ठेवलं. पिशवी खांद्याला लावली आणि देगची दोन्ही हातांत घेतली. ती पडद्याशी उभी होती आणि मी काहीतरी बोलावं अशी वाट पाहत होती. मी अजून फकीरच होतो. म्हणून म्हणालो, "जपा."

"आमीन," ती म्हणाली. "बेगी या."

बोळाच्या तोंडाशी बांगडीवाला बसला होता. मी क्षणभर थांबलो आणि बांगड्या बघितल्या. घेतली नाही एक.

परत येताना कासमभाईंच्या हॉटेलावरून गेलो. देगची भरलेली पाहून त्यांनी गल्ल्यावरूनच कपाळाला हात लावला. दादामियाँ म्हणाले, नवी कल्हई करून घ्या, नावही पुन्हा घालून घ्या, नुक्ते मी सांगतो. मी नको म्हणालो. कापडबाजारात चांभार भेटला. त्यानं चपलेला अंगठा लावून दिला आणि मी पुन्हा वाचनालयाचा माणूस झालो.

निजामशाहीचा इतिहास मी झटकून कपाटात ठेवला आहे. पान उघडलं की अजून थोडं पीठ पडतं. चोंगे चार दिवस पुरले. अनारशांची बरणी रिकामी आहे. तांदूळ भिजत घातले आहेत, आज तिसरा दिवस. देगची फडताळात खालच्या फळीवर आहे. पाळी आमची आहे.